इलेक्ट्रिक कुकरचं झाकण: नवशिक्या धुणाऱ्यांसाठी सोपं मार्गदर्शन

घरात इलेक्ट्रिक प्रेशर कुकर येऊन सहा-आठ महिने झाले असतील, आतलं स्टीलचं भांडं रोज लख्ख घासून निघत असेल आणि झाकण मात्र पहिल्या दिवसापासून नळाखाली धरून, दोनदा झटकून पुन्हा लावलं जात असेल, तर हे मार्गदर्शन आपल्यासाठीच आहे. विशेषतः दिवाळीच्या सेलमध्ये ‘आता स्वयंपाक म्हणजे नुसतं बटण दाबायचं काम’ असं जाहीर करून ज्या गृहस्थांनी हे यंत्र घरी आणलं, त्यांनी ते पंख्याखाली बसून सावकाश वाचावं. बटण दाबायचं काम खरंच सोपं आहे, ते आपल्याला एव्हाना जमलंही असेल. राहता राहिलं झाकण.

पात्रता. पूर्वानुभवाची गरज नाही. अट एकच: हे काम भांडी घासणाऱ्या मावशींवर ढकलायचं नाही. ढकलून पाहिल्यास साधारण असं उत्तर मिळतं: “दादा, बाकी सगळं घासते, पण ते झाकण तुमचं तुम्ही बघा. मागं एका घरी त्याची रबरी टिकली सिंकमध्ये गेली, तर बोलणी मला बसली.” मावशींचं म्हणणं रास्त आहे. ती टिकली कुठली, ते पुढे येईल.

साहित्य. मऊ घासणी, भांडी घासायचा लिक्विड साबण, कोमट पाणी, एक पंचा आणि एक जुना टूथब्रश. टूथब्रश जुनाच आहे ना, हे घरात विचारून घ्यावं. तारेची घासणी लांब ठेवावी, कारण तिनं सिलिकॉनवर ओरखडे पडतात आणि पुढची घाण त्याच ओरखड्यांत मुक्कामाला येते.

आता थोडं शास्त्र, कारण त्याशिवाय गृहस्थ सिंकपाशी जात नाहीत. गॅसवरचा आपला कुकर शिट्टी मारतो, म्हणजे अधूनमधून जोरात श्वास सोडतो. डाळ उतू आली तर पिवळे शिंतोडे ओट्यावर, टाइल्सवर आणि कधीकधी छतावरसुद्धा उडतात. घाण डोळ्यांना दिसते, आरडाओरडा होतो आणि झाकण धुतलं जातं. इलेक्ट्रिक कुकर तोंड मिटून शिजवतो. आतला दाब वाढला की यंत्र स्वतःच हीटर कमीजास्त करतं, त्यामुळे शिट्टी नाही की शिंतोडे नाहीत. (‘मग किती शिट्ट्या झाल्या?’ या आईच्या प्रश्नाला या यंत्राकडे उत्तर नाही. तिला मिनिटं सांगावीत. ती नाराज होईल.) पण आत फेस व्हायचा तो होतोच. तो झाकणाच्या आतल्या बाजूला चढतो, भोकांत शिरतो आणि तिथेच वाळतो. बाहेरून झाकण नव्यासारखं दिसतं, ही खरी अडचण आहे.

पायरी शून्य. कुकर बंद, प्लग काढलेला, वाफ गेलेली आणि झाकणावरची छोटी धातूची पिन खाली बसलेली. पिन वर असेतो झाकण फिरत नाही, फिरवायलाही जाऊ नये. वाफेचा दाब पिनेला वर उचलतो आणि वर आलेली पिन झाकण अडवून धरते, अशी ती साधी, बिनविजेची योजना आहे. १६७९ साली डेनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे हाडंसुद्धा मऊ शिजवणारं बंद भांडं मांडलं. ते फुटू नये म्हणून वजनाच्या दांडीची सुरक्षा-झडपही त्यानंच बसवली. तेव्हापासून आजपर्यंत दाबाच्या भांड्याची सगळी अक्कल झाकणातच असते. खालचं भांडं म्हणजे शेवटी पातेलंच.

पायरी पहिली: झाकण उलटं करण्यापूर्वी सिंकचं भोक बुजवा. जाळी बसवा, वाटी पालथी घाला, काहीही करा. त्या पिनेला खालच्या टोकाला एक रबरी टोपी असते, नखाएवढी. हीच ती टिकली. पिनेला झाकणात धरून ठेवते ती एवढीशी टोपीच. झाकण उलटं असताना टोपी काढली की पिन पलीकडच्या बाजूनं सुटते आणि सरळ उताराची वाट धरते. टोपी आणि पिन दोन्ही साबणानं धुवा, भोकातून टूथब्रशचे दोन केस फिरवा, पुसून पुन्हा बसवा आणि बोटानं वरखाली करून पाहा. पिन सहज हलली पाहिजे. चिकटली असेल तर दाब धरायला उशीर होतो किंवा दाब धरतच नाही, आणि आपण मात्र ‘डाळच जुनी आहे’ म्हणून किराणावाल्याशी भांडत बसतो.

पायरी दुसरी: वाफ सोडायचा खटका. हा वरून सरळ ओढला की हातात येतो. तो हातात आल्यावर नवशिका हमखास घाबरतो आणि स्क्रू शोधू लागतो. तिथे स्क्रू नसतोच. बहुतेक यंत्रांत हा खटका जागेवर सैलसरच बसतो, हलतो, खुळखुळतो. तो मुद्दाम तसाच केलेला असतो, आतल्या वाफेला वाट मिळावी म्हणून. त्याला फेविक्विक लावू नये, दोऱ्यानं बांधू नये आणि कंपनीच्या माणसाला बोलावू नये.

त्याच्या बरोबर खाली, झाकणाच्या आतून, एक जाळीदार धातूची टोपी असते. बहुतेक मॉडेलमध्ये ती अंगठ्यानं बाजूनं वर ढकलली की निघते. काढा आणि उजेडात धरा. फोडणीतली एखादी मोहरी, कढीपत्त्याचा देठ, टोमॅटोच्या सालीची सुरळी आणि कडेनं तूरडाळीचा पापुद्रा, वाळून कडक झालेला. गेल्या महिन्याचा मेनू त्यात वाचता येतो. ही टोपी कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजत ठेवली की पापुद्रा सुटतो. टोचून काढायला गेलात तर निम्मा आत जातो. मधल्या नळीतून आरपार उजेड दिसेतो धुवा आणि टोपी परत बसवायला विसरू नका. ती नसेल तर पुढची मोहरी थेट वाफेच्या वाटेत जाऊन बसेल, आणि तिथून तिला काढणं हे दातात अडकलेल्या मक्याच्या सालीइतकं चिकाटीचं काम आहे.

पायरी तिसरी आणि सर्वांत मोठी: रिंग.

झाकणाच्या कडेनं आत बसवलेली ही पांढरट सिलिकॉनची कडी. बोटांनी धरून हळूच ओढली की निघते. चमच्याच्या दांड्यानं उचकटू नये, कारण तिला धरून ठेवणारी धातूची तार वाकली की रिंग पुन्हा सरळ बसत नाही. रिंग काढल्यावर तिच्यामागे जे दिसतं त्याचं वर्णन जेवणापूर्वी करणं योग्य नाही. धुऊन टाका.

घाण धुतली जाते. वास जात नाही. सिलिकॉनला तेलकट वास फार लवकर चिकटतात आणि तापलं की ते पुन्हा बाहेर पडतात. याचा खरा अनुभव येतो श्रावणात. गटारीला मटण झालेलं असतं, भरपूर लसूण, भरपूर गरम मसाला. नंतर भांडं दोनदा घासलेलं असतं. मग पहिल्या श्रावणी सोमवारी त्याच कुकरमध्ये तांदळाची खीर होते. वेलदोडा घातलेला असतो, केशर घातलेलं असतं, आणि आजी वाटी तोंडाजवळ नेऊन खाली ठेवतात. काही बोलत नाहीत. त्या दिवशी घरात सर्वांना कळतं की भांडं आणि झाकण या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

उपाय सांगतो. भांड्यात कपभर पाणी, तेवढंच पांढरं व्हिनेगर आणि लिंबाच्या चार साली घालून दोन-तीन मिनिटं वाफेवर चालवा. वास बराच कमी होतो. पूर्ण जातो असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मग रिंग काढून बाल्कनीत उन्हात टाका. हळदीचा पिवळेपणा उन्हानं फिका पडतो, कारण हळदीचा रंग उजेडाला टिकत नाही. साडीवरचा हळदीचा डागही असाच जातो. पण माझं प्रामाणिक मत विचाराल तर या सगळ्या खटाटोपापेक्षा दोन रिंगा विकत घ्याव्यात. एक तिखटामिठाची, एक गोडाची आणि उपासाची. दोन वेगळ्या रंगांच्या मिळाल्या तर उत्तम. कोणती कशाची हे घरात सर्वांना सांगून ठेवा, नाहीतर पाहुणे म्हणून आलेले मेहुणे मदतीच्या उत्साहात गोडाच्या रिंगवर छोले चढवतील.

पायरी चौथी फार लोकांना माहीत नसते. कुकरच्या मागे किंवा बाजूला एक पारदर्शक छोटी वाटी लटकलेली असते, त्यात झाकणाचं पाणी ठिबकतं. तुमच्या मॉडेलला ती असेल तर आजच काढून पाहा. आणि खिडकी उघडी ठेवा.

पुन्हा जुळणी करताना रिंग तारेखाली सगळीकडून सारखी दाबा आणि बोटानं एक फेरी मारा. कुठे फुगवटा राहता कामा नये. मग दोन-तीन कप पाणी घालून पाच मिनिटं दाबावर चालवा. सुरुवातीला पिनेजवळून थोडी वाफ निघणारच, पिन वर गेली की ती थांबते. कडेनं वाफ येत राहिली तर रिंग नीट बसलेली नाही, किंवा रिंग अजून टेबलावरच आहे.

एवढं सगळं रोज करायचं का? नाही. रिंग आणि जाळीची टोपी रोज, पिन आणि खटका आठवड्यातून एकदा. पण मुळात झाकण कमी घाण व्हावं असं वाटत असेल तर दोन सवयी लावून घ्या. डाळ, तांदूळ, छोले असं फुगणारं आणि फेसाळणारं काही असेल तर भांडं निम्म्याच्या वर भरू नका. आणि डाळ झाल्या झाल्या खटका दाबून भस्सकन वाफ सोडू नका, कारण त्या वाफेबरोबर फेसही वर ओढला जातो. दहा-पंधरा मिनिटं थांबा, दाब आपोआप उतरू द्या. तोवर कोशिंबीर करा. तीही तुम्हीच.

एअर फ्रायरचं वेगळं झाकण मिळालं असेल तर त्यात विजेची कॉइल असते. ते पाण्याखाली धरू नका, गार झाल्यावर ओल्या फडक्यानं पुसा. साधं झाकण मात्र धुतल्यावर भांड्यावर घट्ट लावून ठेवू नये, उलटं ठेवावं, म्हणजे वारा लागतो आणि कोंदट वास येत नाही. रिंग साधारण वर्ष-दीड वर्षानं बदलावी, आणि चीर दिसली किंवा ती सैल पडून लोंबू लागली तर त्याआधीच. नवी घेताना मॉडेलचं नाव आणि लिटर सांगून घ्या. ‘दिसायला तशीच’ असलेली रिंग दाब धरेलच असं नाही.

आणि झाकण धुऊन झालं की ते घरच्यांना दाखवायला हॉलमध्ये आणू नये. आतलं भांडं रोज घासलं जातं, ते आजवर कोणी दाखवायला आणलेलं नाही. तेही सिंकमध्ये पडलंय. घासणी हातात आहेच.