तिघांचा फोटो

माझी हनुवटी करारी आहे, असं मी गेली चाळीस वर्षं सांगत आलोय. ती आजीवर गेली आहे. आजीला मी पाहिलेलं नाही, पण पुरावा हॉलमध्ये टांगलेला आहे. १९३६ साली सांगलीत काढलेला फोटो. आजोबा खुर्चीत, शेजारी नऊवारीत आजी उभी. ओठ घट्ट मिटलेले, जबडा आवळलेला आणि नजर अशी, की काळ्या कापडातून डोकं बाहेर काढण्याआधी फोटोवाल्यानं दोनदा विचार केला असावा. मुलीच्या सासरचे पहिल्यांदा घरी आले तेव्हा चहाच्याही आधी मी त्यांना या फोटोसमोर नेलं. "हा आमच्या घराण्याचा बाणा," असं म्हणून जरा बाजूला वळून उभा राहिलो. व्याही "वा!" म्हणाले. विहीणबाई माझ्या हनुवटीकडे टक लावून बघत राहिल्या. तिथं दाढीचा साबण राहिला होता, हे बायकोनं मंडळी गेल्यावर सांगितलं.

फोटोत आणखी दोघं आहेत. आई-वडिलांच्या मध्ये सहा वर्षांचे माझे बाबा, टोपी कानांवर उतरलेली. त्यांच्या मागे दहाएक वर्षांचा एक मुलगा, सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं, चेहरा किंचित हललेला. त्याच्याकडे येतोच.

आधी पडदा. (पडद्याबद्दल फार बोलायचं नाही, अशी घरातून ताकीद आहे, म्हणून थोडक्यात.) चौघांच्या मागे संगमरवरी जिना आहे. तो डौलात वळण घेत वर जातो, कठड्यावर कुंड्या, वर कमान, कमानीपलीकडे तळं आणि तळ्यात हंस. लहानपणी हा आमचाच वाडा अशी माझी समजूत होती. मे महिन्यात सांगलीला गेलो की मी जिना शोधायचो. खणभागातल्या त्या दोन खोल्यांत जिना होताही, पण लाकडी, माळ्यावर जाणारा, आणि वर हंसांऐवजी उंदीर होते. पुढं अक्कल आल्यावर हा नाटकाच्या पडद्याचा सख्खा भाऊ आहे हे लक्षात आलं. सांगली म्हणजे १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं ते गाव. शेजारी कोल्हापूर, जिथं आनंदराव आणि बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाकडे वळले. अशा मुलखात फोटोवाल्याच्या मागे साधी भिंत कशी चालेल? माझा आपला तर्क असा, की कुणा नाटक कंपनीचा राजवाडा रंगवून उरलेल्या रंगात आमचा जिना झाला असावा. पायऱ्या सात आहेत. पाचवी सहावीपेक्षा इतकी अरुंद आहे, की चढणारा तिथं हमखास कोसळणार. हंसाची मान भलतीकडेच वळली आहे. आणि पडदा खाली पुरेसा पोचलेला नाही. त्याच्या काठाखाली चार बोटं सारवलेली जमीन दिसते, शेणाच्या हाताचे अर्धगोल सुद्धा मोजता येतात. फोटोला नवी चौकट केली तेव्हा मी चौकटवाल्याला हळू आवाजात सांगितलं, "खालची पट्टी जरा रुंद घ्या." तेव्हापासून आमच्या राजवाड्याला जमीन नाही.

थोडक्यात आटोपलं.

त्याच चौकट-बदलात पुठ्ठ्याच्या मागे मोडीतली एक ओळ निघाली. मला घाम फुटला. आजोबा सांगली संस्थानात नोकरीला होते. आम्ही 'दरबारात होते' म्हणतो, कारण 'जकातीच्या नाक्यावर कारकून होते' हे उच्चारायला लांब पडतं. ही ओळ म्हणजे नक्की इनामाची नोंद! दहा रविवार मोडीच्या वर्गाला गेलो. अकराव्या रविवारी ओळ लागली: 'बाकी येणे रुपया १ आणे २.' फोटोवाल्याची उधारी. घरी मात्र मी 'आर्थिक स्वरूपाचा दस्तऐवज आहे' एवढंच सांगितलं.

आता तो मुलगा. बाबांना विचारलं की ते "असेल कुणीतरी" म्हणायचे. पण माझ्यासारख्या वंशावळ करणाऱ्या माणसाला 'कुणीतरी' परवडत नाही. मी त्याला बाबांचा चुलतभाऊ केला. चुलतभाऊ करून भागेना, म्हणून क्रांतिकारक केला. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील साथीदारांसह सांगलीच्या तुरुंगातून निसटले. १९३६ साली दहाचा मुलगा तेव्हा सतराचा होणार, म्हणजे वय अगदी बेताचं! एका १५ ऑगस्टला सोसायटीच्या झेंडावंदनात मी त्या साथीदारांत एकाची भर घातली. टाळ्या पडल्या. सेक्रेटरींनी डोळे पुसले. त्यानंतर बारा वर्षं मी सर्वपित्रीला त्याच्या नावानं वेगळं पान वाढत आलो.

अकरा पिढ्यांचा चार्ट पुरा झाला तेव्हा वाटलं, मिरजेला आत्याला दाखवून यावं. आत्या ८९ वर्षांची आहे. कान मंद, जीभ तल्लख. मी चार्ट बाजूला ठेवून आधी फोटो पुढं केला.

"आत्या, हा काका कोण गं?"

तिनं फोटो नाकाजवळ नेला. "हा कसला काका? स्टुडिओतला पोऱ्या. पडदा गुंडाळायला असायचा."

"मग फोटोत कसा?"

"तिघांचा फोटो काढतात होय रे? मधला जातो. आणि मधला कोण? तुझा बाप. एकुलता. तात्यांनी पोऱ्याला दंडाला धरून उभा केला. आई सांगायची, सारखा हलायचा म्हणून फोटोवाल्यानं शिवी हासडली त्याला."

म्हणजे तुरुंगाच्या तटावरून दादांची माणसं उड्या टाकत होती, तेव्हा आमचा क्रांतिकारक बहुधा संगमरवरी जिना गुंडाळत होता. कदाचित अजून असेलही कुठं, शंभरीला टेकलेला, आणि मी बारा वर्षं त्याला कावळ्याकरवी जेवू घालतोय.

मी घाईनं विषय बदलला. "आजी मात्र करारी हं! हा जबडा बघ ना."

"करारी?" आत्या खदखदून हसली. "मळमळत होतं तिला. तिसरा महिना, आणि स्टुडिओत त्या औषधांचा वास. दातावर दात दाबून उभी राहिली म्हणून निभावलं."

बायकोनं तोंडावर हात धरला. चाळीस वर्षं मी मळमळ मिरवत होतो.

"तिसरा महिना म्हणजे..."

"म्हणजे मी." आत्यानं आजीच्या निऱ्यांवर नख टेकवलं. "ही इथं. चौघं होतोच की आम्ही. पण अजून कुणाला सांगितलं नव्हतं तिनं. आणि तोंड उघडायची सोयही नव्हती. तोवर पोऱ्या उभा राहिला."

मग तिनं स्वतःच चार्टची गुंडाळी सोडली. बोट वरून खाली येत आजोबांच्या चौकटीपाशी थांबलं. तिथं जुन्या कुलवृत्तांतात होतं तसंच मी उतरवून घेतलं होतं. बाबांचं नाव, पुढं कंसात '१ कन्या'.

"कन्या एक," आत्यानं वाचलं. "पोत्यांचा हिशोब आहे का रे हा?"

ती रागावली नव्हती, तेच जड गेलं. आजोबा अंथरुणाला खिळले ती नऊ वर्षं तिनं काढली. बाबा पुण्याहून पैसे पाठवायचे आणि 'आम्ही केलं' म्हणायचे, आणि पुढं मीही ते तसंच सांगायचो. नाशिकला उपाध्यांच्या वह्या मी दोन दिवस उलटत बसलो होतो, मेलेल्या माणसांची सही कुठं सापडते का बघायला. मिरजेला एक फोन केला असता तर हे सगळं कधीच कळलं असतं. पण आत्याचा फोन आला की मीच बायकोला खुणेनं 'बाथरूममध्ये आहे म्हण' सांगायचो. ती एकदा बोलायला लागली की थांबत नाही, ही माझी तक्रार.

खिशातून पेन काढून मी कंस खोडला आणि तिचं नाव लिहिलं. जागा पुरेना. शेवटची दोन अक्षरं बाबांच्या चौकटीत घुसली.

"राहू दे तसंच," आत्या म्हणाली. "त्याच्या अंथरुणात पण अशीच घुसायचे मी."

निघताना बायको म्हणाली, आत्याबरोबर एक फोटो काढू. मी मोबाईल लांब धरला. आत्या झटकन बाजूला सरकली.

"तिघांचा? शहाणा आहेस का?"

तिची सून कामावर गेलेली. नेमकी दाराची घंटा वाजली. सुनेचं पार्सल घेऊन एक पोरगा उभा होता, पाठीवर हे भलं थोरलं दप्तर. आत्यानं त्याला दंडाला धरून आत घेतलं, हेल्मेट काढायला लावलं आणि आमच्या मागे उभा केला. बिचारा घड्याळाकडे बघत हलत होता. मी तीनदा बटण दाबलं, तिन्ही फोटोंत त्याचा चेहरा हललेला आहे.

मग आत्यानं त्याचं नाव विचारलं. वडिलांचं विचारलं. गाव विचारलं. पोरानं भेदरून सगळं सांगितलं.

"लिही," ती मला म्हणाली. "फोटोच्या मागं लिहून ठेव."

"आत्या, मोबाईलमधल्या फोटोला मागं नसतं."

"मग पुढं लिही."