त्याचं बघणारं कोण?

कोवलमला गंज हा घरातलाच माणूस आहे. चेन्नईच्या दक्षिणेचा हा खारा किनारा. खिडकीचे गज, दाराची कडी, सायकलची चेन, तो कशालाच परका नाही. पण लोखंडाचा गंज निदान दिसतो. सॉफ्टवेअरचा दिसत नाही. त्यातलं एक अक्षर बदलत नाही. भोवतालचं जग बदलतं आणि ते बिचारं जागच्या जागी गंजतं.

घरचे फोटो ठेवायला जुन्या संगणकावर लिनक्स चढवायचं ठरलं आणि फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, निवडायची वेळ आली. मी वेग, क्षमता वगैरेंचा तक्ता केला. बायकोने एकच विचारलं, "त्याचं बघणारं कोण?"

तक्ता तिथेच आडवा झाला. तरुणपणी पुण्यात आम्ही रायझरएफएसचे भक्त. 2001 मध्ये ती लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात आली. 2008 मध्ये तिचा कर्ता हान्स रायझर पत्नीच्या खुनाबद्दल दोषी ठरला. पुढे तिच्याकडे फारसं कुणी फिरकेना आणि 2025 मध्ये तिला कर्नलमधून काढलं. "नको," बायको म्हणाली. मग बीकॅशएफएस. जानेवारी 2024 मध्ये आत आली, कर्त्याचं आणि लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सचं वाजलं, 2025 मध्ये बाहेर. "दोन वर्षंही नांदली नाही?"

उरली ईएक्सटी4. 2008 पासूनची, कंटाळवाणी, पण बघणारी माणसं भरपूर. फाइलींच्या मांडणीत बदल करण्याआधी ती जर्नलमध्ये नोंद करते, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी अख्खी डिस्क तपासत बसावं लागत नाही. डिसेंबर 2023 मधलं मिचाँग वादळ आठवून हा गुण बायकोलाही पटला.

बघणाऱ्याचे हाल मला ठाऊक आहेत. जुन्या फाँटमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारा एक छोटा मुक्त प्रोग्राम मी सांभाळतो. तो लिहिलेला होता पायथन 2 या भाषेत. त्या पायथनचा आधार 1 जानेवारी 2020 ला संपला. पायथन 3 ला प्रिंटपुढे कंस लागतात, म्हणून सुट्टीच्या दिवशी मी कंस घालत बसलो. त्यावर एका वापरकर्त्याची प्रेमळ मेल आली: "फुकट आहे म्हणून काय झालं, जबाबदारी आहे की नाही?"

जगभर हेच. एक्सझेड हे फाइली आवळणारं साधन असंच एक थकलेला माणूस सांभाळत होता. मदतीला आलेल्या एका 'सज्जना'ने दोनेक वर्षं विश्वास कमावला आणि 2024 मध्ये त्यात चोरदरवाजा बसवला. तो सापडला कसा? लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकलं. अर्धा सेकंद! आपल्याकडे मुहूर्त अर्धा तास टळला तरी पंगतीचं काय ते विचारतात.

एवढं करूनही एक धोका उरतोच. 19 जानेवारी 2038 ला, आपल्याकडे सकाळी 8 वाजून 44 मिनिटांनी, 32 बिटांत सेकंद मोजणाऱ्या जुन्या प्रोग्रामांची घड्याळं एकदम 1901 सालात जातील. बायकोने बोटांवर हिशेब केला.

"तोवर तुम्ही निवृत्त. पावणेनऊला घरीच असाल. बघा मग!"