सूरजागडचा पकडपारखी

एटापल्ली तालुक्यात सूरजागडच्या डोंगरालगतच्या गावांतून धानाची मळणी आटोपली की कबड्डीच्या स्पर्धांना रंग चढतो, आणि फक्कीने आखलेल्या जवळजवळ प्रत्येक मैदानाच्या कडेला, पत्रिकेत ज्याचे नाव कधीच छापलेले नसते असा एक गृहस्थ पंचांच्याही आधी हजर असतो. सोयीसाठी त्याला ‘पकडपारखी’ म्हणता येईल. पकड म्हणजे चढाईस आलेल्या प्रतिस्पर्ध्याला मध्यरेषेपलीकडे परतू न देता रोखणे. आणि ती करणारी आपल्या गावाची बचावफळी गेल्या वर्षीपेक्षा सुधारली की बिघडली, याचा निवाडा देणे हे त्याने स्वतःकडे घेतलेले कार्य होय.

या निवाड्याची त्याची कसोटी पूर्णतः दृश्य आहे. कोपरारक्षकाने, म्हणजे फळीच्या टोकाला उभ्या असलेल्या खेळाडूने, घोटा धरून चढाईपटूला आडवे केले तर बचाव सुधारला, असे तो तत्काळ जाहीर करतो. पण त्याच कोपरारक्षकाने नुसते एक पाऊल पुढे टाकून चढाईपटूला रिकाम्या हाती परत धाडले, तर ‘‘धूळ उडालीच नाही, मग पकड कायची, भाऊ?’’ असा सवाल तो शेजाऱ्याला करतो. या धुळीच्या मापाने पाहता सूरजागडचे लोहखनिज वाहणाऱ्या ट्रकांइतकी भक्कम बचावफळी साऱ्या तालुक्यात दुसरी सापडणार नाही.

अव्वल पकडीवर तर त्याचा विशेष लोभ असतो. बचावात तीन किंवा त्याहून कमी खेळाडू उरले असताना केलेल्या यशस्वी पकडीला अव्वल पकड म्हणतात आणि तिच्यासाठी एक जादा गुण मिळतो. परंतु ती करण्याची संधी मिळण्यासाठी निदान चार गडी आधी बाहेर जाऊन बसावे लागतात, त्यामुळे जो संघ अशा पकडी वारंवार करतो तो वारंवार संकटातही सापडलेला असतो, हा साधा हिशेब पारख्याच्या वहीत बसत नाही. उलट, ज्या फळीने सलग दोन चढाया निष्फळ ठरवल्या, तिने प्रतिस्पर्ध्याला तिसऱ्या चढाईत गुण मिळवणे किंवा बाद होणे एवढाच पर्याय ठेवलेला असतो. हे खरे यश गुणफलकावर शून्य म्हणून उमटते, आणि शून्याला टाळ्या वाजवण्याची प्रथा अद्याप कोठेही रूढ झालेली नाही. फुटबॉलमध्येही, ज्या संघाकडे चेंडू कमी वेळ असतो त्याच्या बचावपटूंना चेंडू हिसकावण्याचे प्रयत्न अधिक करावे लागतात. म्हणून अशा प्रयत्नांची नुसती मोजदाद बचावाची गुणवत्ता सिद्ध करीत नाही.

नातेसंबंध हा या निवाड्याचा दुसरा आधार. भाचा डाव्या कोपऱ्यात उभा असेल तर नाणेफेकीपूर्वीच फळी सुधारलेली असते, आणि भाचा राखीव बाकावर असेल तर तीच फळी पोकळ ठरते. इतिहासाचे ज्ञानही तो याच रीतीने वापरतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीचे प्रदर्शन केले होते, एवढ्या धाग्यावर जगातील प्रत्येक चांगल्या पकडीचे मूळ तो विदर्भात नेऊन बांधतो. त्यामुळे 1990 पासून सलग सात आशियाई सुवर्णपदके जिंकलेल्या भारतीय पुरुष संघाला 2018 मध्ये जकार्ता येथे इराणने उपांत्य फेरीत 27–18 असे हरवले, तेव्हाही त्याच्या लेखी तो विदर्भाचाच दूरचा विजय होता.

वस्तुतः बचावफळीची प्रगती ठरवण्यास अनेक सामन्यांची नोंद, प्रतिस्पर्धी चढाईपटूंचा दर्जा, पकडीच्या एकूण प्रयत्नांत यशस्वी किती आणि निष्फळ ठरवलेल्या चढाया किती, एवढी माहिती पुरेशी असते. पकडपारखी यांपैकी काहीही न तपासता पहिल्या पाच मिनिटांत निर्णय देतो. आणि पंचांच्या निर्णयाविरुद्ध निदान तक्रार करता येते, त्याच्या निर्णयाविरुद्ध तीही सोय नाही.