पाठ बघणारी मावशी

प्रत्येक गोतावळ्यात एक गोधडीमावशी असते. आमची मावशी नात्याने चुलत, पण दुसऱ्याचं कपाट उघडायच्या बाबतीत सख्ख्यांहून सख्खी. कुणाची आजी गेली की बाकीचे समाचाराला जातात. मावशीही जाते, डोळेही पुसते. पण पदराआडून तिची नजर पलंगाखालच्या ट्रंकेवर असते. तेराव्यापर्यंत ती कळ काढते. चौदाव्याला गोडाचं जेवून हात वाळायच्या आत विचारते, "आजींचं भरतकाम कुठे ठेवलंयत?"

ट्रंकेत जे निघतं ते ठरलेलं. केसमेंटचा टेबलक्लॉथ, त्याच्या कोपऱ्यात गुलाबांची परडी. समोरासमोर माना वाकवलेले दोन हंस. रेडिओचं कव्हर, रेडिओ केव्हाच भंगारात गेलेला. आणि उशीचे दोन अभ्रे: एकावर 'गुड', दुसऱ्यावर 'नाइट'. हे सगळं एकदाच बाहेर आलेलं असतं, रुखवतात. व्याह्यांनी कौतुक केलं, विहीणबाईंनी नाक मुरडलं, आणि 'चांगल्या प्रसंगाला काढू' म्हणून ते आत गेलं. तेवढा चांगला प्रसंग त्या घरात पुन्हा आला नाही.

मावशी आधी कापड उलटं करते. पुढची बाजू पाहुण्यांसाठी असते, खरं काय ते पाठ सांगते, असा तिचा सिद्धान्त. "तुमच्या सासूबाईंच्या साखळीटाक्याला मागे गाठ दिसायची नाही," ती चष्मा सावरत म्हणते. "या हंसाच्या पोटाखाली तर गाठीच गाठी. हा हंस शेजारणीचा." ज्या हंसाच्या जोरावर सासूबाईंनी तीन सुनांची सुई-दोऱ्यावरून लाज काढली, तो उसना निघतो! रुखवतात उसनवारी चालायचीच, अशी मावशी सारवासारव करते. सुनांना ती ऐकायची नसते. त्या तिला आग्रहाने दुसरा चहा देतात.

या सगळ्याची मावशी गोधडी शिवणार, पण आधी परीक्षा. ओल्या पांढऱ्या फडक्याने लाल गुलाब चोळायचा. फडकं गुलाबी झालं तर तो गुलाब बाद, नाहीतर पहिल्याच धुण्यात हंसही गुलाबी व्हायचा. कापड खिडकीशी उजेडात धरायचं. घडीवर विरलेलं दिसलं की मागून मलमलीचा तुकडा. आणि खळ घालून ठेवलेलं निघालं तर घरातल्या कर्त्या बाईची खैर नाही. "खळ घातलीत? म्हणजे कसरीला पाट मांडून जेवायला वाढलंत की!"

कात्री बाहेर आली की घरातला एखादा काका गहिवरतो. बहुधा ज्याने जन्मात ती ट्रंक उघडलेली नसते, तोच. "आईची आठवण आहे हो ती!" मावशीची कात्री थांबत नाही. "आठवण होती, तर डांबरगोळ्यांत कशाला कोंडलीत?"

वर भरतकामाचे चौकोन, आत आजींच्याच नऊवारीच्या घड्या, खाली आजोबांचं धोतर. दोघं इतकी जवळ बऱ्याच वर्षांनी आली, असंही ती म्हणून घेते. मशीनवर तिचा विश्वास नाही. भरीव टाक्यांवर आणि गाठींवर मशीनची सुई मोडते. त्यापेक्षा बोटात अंगुस्तान, हातात लांब सुई आणि कडेपासून आत आत सरकणारा धावदोरा. एका घरी दोन भावांची वाटणी झाली होती, म्हणून गोधड्याही दोन झाल्या. 'गुड' थोरल्याकडे गेलं, 'नाइट' धाकट्याकडे. धाकटी जाऊ अजून सांगते, "आमच्या वाटेला नुसती रात्रच आली."

मजुरी ती घेत नाही. एकच अट: गोधडी रोज पांघरायची. ही अट मोडतेच, कारण गोधडी इतकी देखणी होते की लोक ती 'चांगल्या प्रसंगासाठी' पुन्हा ट्रंकेत घालतात. म्हणून ऐन थंडीत मावशी न कळवता उगवते, गोधडी मागते आणि हुंगते. डांबरगोळीचा वास आला की त्या घरचा चहा बंद.

तुमच्याकडे अशी ट्रंक असेल तर मावशीला जरूर बोलवा. फक्त ती गोधडी अंगावर घ्यायची, धुवायची, विरू द्यायची तयारी ठेवा. तयारी नसेल, तर हंस आहेत तिथेच बरे. निदान त्यांना कात्री तरी लागलेली नाही.