ग्राफिक्स चिप बनवा, डोळ्यांत धूळ फेका

खऱ्यासारखा पृष्ठभाग दाखवणारी चिप करायला निघालात? घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा, यापुढे तुम्ही पाहुण्यांशी न बोलता त्यांच्या भिंतीचे पोपडे न्याहाळणार आहात.

१. आधी हिशेब. ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख पिक्सेल, सेकंदाला ६० चित्रं. म्हणजे एका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद. एवढ्यात खरा उजेड मोजून होत नाही. प्रामाणिकपणा इथेच खाली ठेवा, पुढे ओझं होईल.

२. गोलाई स्वस्तात उरका. आंरी गुरो यांनी १९७१ मध्ये पृष्ठभागाच्या त्रिकोणी तुकड्यांच्या कोपऱ्यांवरच उजेड मोजून मधला भाग अंदाजाने भरला. चमक नेमकी मधोमध पडली तर? पडलीच नाही समजा. पुढे बुई तुओंग फाँग यांनी पिक्सेलगणिक मोजायचं ठरवलं, आणि सफरचंदापासून सेनापतीच्या नाकापर्यंत सगळं प्लास्टिकचं झालं.

३. आता खडबडीतपणा. हा धडा मन लावून वाचा, सगळी कमाई यातच आहे. वीट खडबडीत करू नका. जेम्स ब्लिन यांनी १९७८ मध्ये दाखवलं तसं करा: वीट सपाटच ठेवा, फक्त तिचं तोंड कुठे आहे याबद्दल उजेडाला खोटं सांगा. बिचारा विश्वास ठेवतो आणि खाचखळग्यांत सावल्या पाडतो. गोची एकच, कडेने पाहिलं की वीट गुळगुळीत. उपाय सोपा आहे. भिंतीच्या कडेला एक झोंबी उभा करा. कोणी विटा बघत थांबत नाही.

४. टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागावरचं चित्र, चिकटवताना खोलीनुसार भागाकार करावा लागतो. परवडत नसेल तर गाळा. पहिल्या प्लेस्टेशनने गाळला, फरशा चालता चालता वळवळल्या. वाईट वाटून घेऊ नका. हल्ली काही गेमवाले तीच वळवळ हौसेने मुद्दाम घालतात.

५. परीक्षेचा पेपर आधीच ओळखा. २००१ मध्ये रेडिऑन ८५०० या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, वेग तपासायला वापरला जाणारा ‘क्वेक ३’ हा गेम दिसताच गुपचूप टेक्स्चर पातळ करी आणि वेग वाढे. गेमच्या फाइलचं नाव ‘क्वॅक’ केलं, तर चित्र सुधारलं, वेग उतरला. तुम्ही ‘क्वॅक’सुद्धा ओळखा.

६. पंखा कितीही मोठा बसवा. शेजारी तक्रार करतील, करू द्या.

७. तरीही वेळ पुरत नाही? चित्रंच काढू नका. २०२५ मध्ये आरटीएक्स ५० ही ग्राफिक्स कार्डांची मालिका आली, तेव्हा एका मोजलेल्या चित्रामागे तीनपर्यंत चित्रं एआय रचून देई. बिल मात्र चारही चित्रांचं फाडा.