शिट्टी आणि शिक्का

पनवेलच्या आमच्या हायस्कुलात पीटीचा तास नेहमी दुसऱ्याच कोणाचा तरी असायचा. जूनपासून तो पावसाचा, डिसेंबरात स्नेहसंमेलनाचा आणि जानेवारीनंतर गणिताच्या बाईंचा. "सर, पोर्शन राहिलाय हो, आजचा तास देता का?" असं बाई इतक्या गोड आवाजात विचारत, की तो आवाज वर्गातल्या पोरांनी जन्मात ऐकला नसेल.

त्यात शालेय स्पर्धा भरतात ऐन पावसाळ्यात. चुन्याची फक्की मारून कबड्डीचं मैदान आखत मध्यरेषेपर्यंत पोचावं, तोवर मागची निदानरेषा वाहून गेलेली. चढाईला निघालेला पोरगा विचारी, "सर, रेषा कुठेय?" मी म्हणे, "अंदाजाने घे."

पोरं मात्र अस्सल. रायगडातल्या आगरी-कोळी पोरांना कबड्डी शिकवावी लागत नाही, मैदानावर आणावी लागते. जुलैत सरावाला बोलावलं की उत्तर ठरलेलं: "सर, आवनी हाय." हरकत नाही. गुडघाभर चिखलात भात लावून झालेल्या त्या पोटऱ्या मी कितीही उठाबशा काढून घेतल्या असत्या तरी तयार झाल्या नसत्या. आमच्या कोपरारक्षकाने एकदा पाय धरला की सोडवायला पंचांना यावं लागे.

खरी गंमत १४ वर्षांखालील गटात. समोरच्या संघाचा चढाईपटू सकाळीच दाढी करून आलेला. आम्ही हरकत घ्यायची, त्यांनी जन्मदाखला काढायचा. दाखल्यावर गोल शिक्का, आणि शिक्क्यापुढे दाढीचं काही चालत नाही. आमच्याही एका मिशीवाल्याच्या वेळी हा नियम फार न्याय्य वाटला होता, ते असो.

तालुका जिंकला की जिल्हा, म्हणजे अलिबाग. बोनाफाईड, ओळखपत्रं, झेरॉक्सा, आणि शेवटी खर्चाच्या कागदावर मुख्याध्यापकांची सही.

"बारा पोरं कशाला?"

"सर, सात खेळतात, पाच राखीव."

"राखीव खेळत नाहीत ना? मग त्यांना भाडं कशाला?"

अशा वेळी मला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर आठवत. खाशाबा जाधवांना १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाता यावं म्हणून त्यांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं. आमचं वडखळ नाक्यावरच्या वडापावांचं बिल मार्चअखेर मंजूर होई, तेही राखीव खेळाडूंचे वडे वजा करून.

दहावीच्या वर्षी मात्र माझा भाव वधारे. "खेळून काय पोट भरणारे का?" म्हणून नववीत पोराला मैदानावरून कान धरून नेणारे वडील क्रीडागुणांचं कळताच पेढ्यांचा बॉक्स घेऊन घरी हजर.

"सर, तेवढं जरा बघा."

"बघतो. मुलगा कोणता खेळ खेळतो?"

"कोणता शिल्लक आहे?"