बाकमित्र

प्रत्येक बॅचला एक बाकमित्र असतो. वर्गातलं कोणी गेलं, की गेलेला माणूस शाळेत याच्याच बाकावर बसायचा हे त्याच दिवशी उघडकीला येतं. आमच्या शाळेतल्या बाकावर तिघं बसत, चौथा आला की कडेचा पडे. पण आमच्या बाकमित्राच्या आजवरच्या सगळ्या श्रद्धांजल्या खऱ्या धरल्या, तर त्या एका बाकावर अर्धी 'ब' तुकडी बसत होती, आणि मुलींच्या रांगेतल्या दोघीसुद्धा. त्या काळी मुलीच्या बाकाजवळून नुसतं गेलं तरी सर कान पिळायचे, पण शोकसभेत असल्या शंका काढायच्या नसतात.

आम्ही 1975च्या एसएससीचे. त्या वर्षी जुनी अकरावी आणि नवी दहावी अशा दोघांनीही बोर्डाची परीक्षा दिली. नव्या दहावीचे पहिले बकरे आम्ही. म्हणजे आता सगळे पासष्टी ओलांडलेले. ग्रुपवर सकाळी सूर्योदय, दुपारी मेथीदाण्याचं पाणी, संध्याकाळी राजकारणावरून भांडण आणि मधूनच 'दुःखद बातमी'. ही बातमी बाकमित्राकडूनच यावी असा आता अलिखित नियम झाला आहे. दुसऱ्या कोणी आधी टाकली तर तो दिवसभर फुगून बसतो. 2018 साली व्हॉट्सॲपने एकावेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवायचं बंधन घातलं, ते अफवा रोखण्यासाठी. बाकमित्र मात्र ते स्वतःवरचं वैयक्तिक संकट मानतो. "माणूस गेलाय, आणि हे म्हणतात पाचांनाच सांगा!"

मजकूर ठरलेला असतो. दिवंगत हुशार होता पण परिस्थितीमुळे मागे पडला. मनानं राजा होता. आणि दोघांनी मिळून पिटात बसून 'शोले' पाहिला होता. 'शोले' आमच्या दहावीच्याच वर्षी आला, त्यामुळे तारखेत त्याला पकडता येत नाही.

मध्यंतरी आमच्यातला असाच एक जण गेला. शाळा सुटल्यावर त्याला कोणी पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर शाळेतही फारसं कोणी पाहिलं नव्हतं. हजेरीपुरता 'उपस्थित' म्हणणारा, गॅदरिंगमध्ये पडदा ओढणारा. ग्रुपवर शांतता पसरली. शोक करायचा, पण कोणाचा, ते आठवेना. बाकमित्राने लगेच वर्गाचा जुना फोटो टाकला आणि मागच्या रांगेतल्या एका चेहऱ्याभोवती लाल गोल काढला. झालं! धडाधड हात जोडले गेले. "किती निरागस चेहरा," असं एकीने लिहिलं. नाशिकच्या एका मित्रानेही 'भावपूर्ण श्रद्धांजली' वाहिली आणि रात्री चष्मा लावल्यावर त्याचाच फोन आला, "अरे, गोलातला मी आहे!" बाकमित्र डगमगला नाही. "असशील. तोही साधारण तुझ्यासारखाच दिसायचा."

दहाव्याला पुण्याच्या ओंकारेश्वरावर आम्ही चौघं-पाचजण गेलो, म्हणजे बाकमित्राने नेलं. पिंडाला कावळा शिवेना. मुलाने सांगितलं, आईला अंतर देणार नाही. कावळा भिंतीवर चोच घासत बसला. भावाने गावाकडच्या जमिनीच्या वाटणीचं कबूल केलं, जरा घाईघाईत आणि हळू आवाजात. कावळ्याने पाठ फिरवली. ऊन चढलं, गुरुजींची दुसरीकडची वेळ झाली, त्यांनी दर्भाचा कावळा करायला घेतला. तेवढ्यात बाकमित्र पुढे झाला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "लेका, तुझी भूमितीची वही माझ्याकडेच राहिली बघ. घरी आणून देतो."

कावळा आला. भाताचा घास घेऊन गेला.

वहिनींनी इतके दिवस आवरून धरलं होतं, त्या तिथे रडल्या. "त्या वहीचं हे खूपदा बोलायचे हो, भाऊजी," म्हणाल्या. आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. परतताना रिक्षात मी त्याला विचारलं, की खरंच वही होती का. तो खिडकीबाहेर, म्हणजे रिक्षाला खिडकी नसते, रस्त्याकडे पाहत म्हणाला, "कोणाची ना कोणाची वही राहिलेलीच असते रे." वहिनी खरं बोलल्या की त्यांनीही आमच्यासारखीच एक आठवण तिथल्या तिथे तयार केली, ते मला अजून कळलेलं नाही. पण घाटावर हजर असणाऱ्या थापाड्यापुढे घरी बसून खरं बोलणाऱ्या मित्रांची किंमत काय, हे तिथे चांगलं कळलं.

कारण हा गडी नुसता बोलत नाही. कोणी गेल्याचा फोन आला की त्याचा पहिला प्रश्न "नेत्रदान करायचंय का?" लगेच दुसरं वाक्य, "मग पंखा बंद करा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, सहा तासांच्या आत व्हायला पाहिजे." वैकुंठ स्मशानभूमीत कोणता कागद कोणत्या खिडकीवर द्यायचा हे त्याला पाठ. मृत्यूची नोंद एकवीस दिवसांत झाली पाहिजे आणि दाखल्याच्या प्रती भरपूर काढून ठेवाव्यात, बँक, पेन्शन, विजेचं मीटर, सगळे एकेक मागतात, हे तो रडणाऱ्या माणसाला अशा बेताने सांगतो की त्याचं रडणंही थांबत नाही आणि कामही अडत नाही.

गेल्या पावसाळ्यात माझी अँजिओप्लास्टी झाली. घरी आल्यावर तो शहाळी घेऊन भेटायला आला. बसला, चहा प्यायला, रिपोर्ट डॉक्टरच्या थाटात उजेडाकडे धरून पाहिले. मग निघताना जिन्याच्या वळणावर थांबला आणि दोन्ही हात पसरून रुंदी मोजायला लागला. मी वरून विचारलं, "काय रे, काय बघतोस?"

"जिना फार अरुंद आहे रे तुमचा. वळणावर स्ट्रेचर अडकेल. त्या लिफ्टचं काम कुठवर आलंय?"

आमच्या सोसायटीत लिफ्टचा विषय कित्येक वर्षं तळमजल्यावाल्यांच्या विरोधामुळे पडून होता. पुढच्या मीटिंगला मी तो मांडला, आणि बाकमित्राला 'खास निमंत्रित' म्हणून पाच मिनिटं बोलायला दिलं. तो तळमजल्यावरच्या काकांकडे बघत बोलला. ठराव एकमताने मंजूर झाला.